लीडरचा दुसरा अल्बम

लीडर खुर्चीवर बसलेला मला आठवतच नाही. तो जेवायचा उभ्याने, फोनवर बोलायचा चालत, आणि चर्चमध्ये मासला गेला तरी म्हणे शेवटच्या बाकामागे उभा असायचा. आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा माझ्या नवऱ्याने रीतसर सोफा दाखवला. "थँक यू, दिसला," असं म्हणून लीडरने अख्खा चहा खिडकीशी उभा राहून प्यायला. मध्येच कपबशी टीव्हीवर ठेवून आमच्या एसीच्या जाळीला हात लावून पाहिला. "हवा कमी येते. कोणी बसवलं हे?" मला काय ठाऊक कोणी बसवलं? दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन हजर. घरात पाहुणे होते, त्यांच्या डोक्यावर धूळ पडली, पण हवा मात्र यायला लागली.

पासपोर्टवर त्याचं नाव चांगलं लांबलचक होतं, पण ते कोणी वापरत नसे. त्याचे वडील वसईकडे लग्नाच्या बँडचे लीडर होते. ते गेल्यावर बँड मोडला आणि नाव तेवढं मुलाकडे आलं. पोटापाण्यासाठी तो दुबईत, जबल अलीच्या एका कंपनीत होता. मोठमोठ्या इमारतींमध्ये एसीचे पत्र्याचे डक्ट बसवणारी माणसं त्याच्या हाताखाली असत. बायको आणि दोन मुली वसईला. हा इथे देऱ्यात, एका खोलीत सहा जणांबरोबर. त्या खोलीत त्याच्या वाट्याला एक पलंग आला होता आणि त्यावर गिटार झोपायची. हा कधी झोपायचा कोण जाणे.

माझी नि त्याची गाठ पडली ती मंडळाच्या गणपतीत. मी देऱ्यातल्याच एका शिपिंग ऑफिसात डॉक्युमेंटेशनला होते, आणि लहानपणापासून शिकलेली पेटी वर्षातून एकदा आरतीपुरती बाहेर काढत होते. त्या वर्षी साउंड सिस्टीम लावून द्यायला कोणीतरी लीडरला बोलावलं होतं. आरती झाल्यावर तो सरळ माझ्याकडे आला. "बाय, उजवा हात चांगला आहे तुझा. डावा काय करतो?"

"भाता मारतो," मी म्हटलं.

"म्हणजे रिकामाच आहे," असं म्हणून त्याने मला शुक्रवारी सकाळी सॅम्पल ऐकायला ये म्हणून सांगितलं. कसलं सॅम्पल, कुठे, काही नाही. मीही गेले, कारण शुक्रवारी इथे सुट्टी, आणि सकाळी मला घरात करमायचं नाही.

तिथे कळलं की हा माणूस हार्ड रॉक वाजवतो, आणि तेही सदर्न. म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडचा. त्याचा एक मामा जहाजावर कुक होता. तिकडच्या कुठल्याशा बंदरातून त्याने लहानपणी याला कॅसेट आणून दिल्या, आणि तेव्हापासून याच्या कानात ते शिरलं ते शिरलं. मला हार्ड रॉक म्हणजे शेजारच्यांच्या मुलाच्या खोलीतून येणारा गोंगाट एवढंच माहीत. लीडर म्हणाला, "गोंगाट नाही, बाय. हे खेड्यातल्या लोकांचं आहे. शेतीवाले, ट्रकवाले. उन्हात काम करतात आणि संध्याकाळी ओरडतात. आपण काय वेगळं करतो?" करंगळीत तांब्याच्या नळीचा तुकडा घालून तो तारांवरून घसरवत न्यायचा. ती नळीसुद्धा एसीच्या पाइपाचीच होती. तो आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हाच पुढच्या शुक्रवारीही यायचं मी ठरवून टाकलं.

मग माझ्या डाव्या हाताचे हाल सुरू झाले. बँडला बेस वाजवणारं कोणी नव्हतं, म्हणून तो सूर कीबोर्डवर डाव्या हाताने द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पण इतक्या वर्षांची सवय! गाणं रंगात आलं की माझा डावा हात पट्ट्या सोडून मागे जायचा आणि हवेत भाता मारायला लागायचा. ड्रमवर सावंत होता, परळचा, तो हसून हसून काठ्या टाकायचा. लीडर हसायचा नाही. "हवा मारायला इथे मी आहे, कंपनीचा माणूस," तो म्हणायचा. "तू सूर दाब." सहा महिन्यांनी माझा डावा हात माणसात आला.

सावंत एका बिल्डरकडे फ्लॅट विकायचा, तेही अजून न बांधलेले. गाणारा रुडी बांद्र्याचा, एका हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर. असे आम्ही चौघं. बँडचं नाव 'खाडीपार', कारण वसईलाही खाडी आणि दुबईलाही. सगळीकडे क्रेन उभ्या होत्या तेव्हाच्या भरभराटीत आमचा पहिला अल्बम निघाला. कोणाच्या तरी कंपनीने जाहिरात दिली, कोणी सीडी छापून दिल्या, आणि चर्चच्या फीस्टला नि मंडळाच्या हळदीकुंकवाला त्या वाटल्याही गेल्या. हळदीकुंकवाला हार्ड रॉक! बायका कौतुकाने घेऊन गेल्या, आणि मला वाटतं एकीनेही ती लावली नाही.

लीडरला त्याचं काही नव्हतं. पहिल्या अल्बमचा विषय काढला की तो हात झटकायचा. "पहिला हौसेचा असतो. हौस कोणालाही येते. दुसरा निघाला तर बँड." हे तो इतक्यांदा म्हणायचा की माझा नवरा त्याला बिजवर म्हणायला लागला. "पहिल्या लग्नात हौसमौज, लीडर. बिजवराला कोण विचारतो?" लीडर शांतपणे म्हणाला, "बिजवराला कशात पडतोय ते माहीत असतं." ही त्याच्या तोंडून आलेली एकमेव संसारी गोष्ट.

आता ओणमचं सांगायलाच हवं. गल्फमध्ये ओणम संपत नाही. केरळात तो आटोपला तरी इथल्या असोसिएशनांचे कार्यक्रम पुढे दोन-तीन महिने चालतात, कारण हॉल मिळत नाहीत. शारजाच्या एका मल्याळी असोसिएशनच्या सेक्रेटरीला कोणीतरी आमचं नाव सांगितलं. लीडरला फोन आला तेव्हा आम्ही शेजारीच होतो. "यू आर सदर्न बँड, नो?"

"सर, प्युअर सदर्न," लीडर अभिमानाने म्हणाला. "हंड्रेड पर्सेंट."

या देशात सदर्न म्हणजे काय, हे टॅक्सीवाल्यापासून शेखपर्यंत सगळ्यांना कळतं. नाही कळलं ते फक्त आम्हाला. हॉलमध्ये पाऊल टाकलं तर सोनेरी काठाच्या साड्या, फुलांची रांगोळी, केळीच्या पानांवर वाढपं चाललेली, आणि रुडी दारात काऊबॉय बूट घालून उभा. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी लीडरला म्हटलं, परत जाऊ या. "स्टेज लावलंय त्यांनी," तो म्हणाला. "यल्ला, चला."

पहिल्या गाण्याला सन्नाटा. दोन ओळींच्या मधल्या शांततेत लोकांचे पापड मोडलेले ऐकू येत होते. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी कानावर हात ठेवून बापाला म्हणाली, "अच्छा, इट्स हर्टिंग मी." अच्छा म्हणजे त्यांच्यात बाबा. सेक्रेटरीचा चेहरा पाहवत नव्हता. लीडरने रुडीला खाली पाठवलं, सावंतला काठ्या ठेवून नुसत्या हाताने वाजवायला सांगितलं, आणि मला म्हणाला, "बाय, उजवा बंद. फक्त डावा." मग त्याने ती तांब्याची नळी तारांवर ठेवली आणि अगदी सावकाश काहीतरी सुरू केलं, होडी वल्हवावी तसं. थोड्या वेळाने मागच्या पंगतीत एक म्हातारा मांडीवर ठेका धरायला लागला. मग शेजारचा. मग अख्खी पंगत. उष्ट्या हातांनी माणसं ताल देत होती आणि लीडर स्टेजवर येरझाऱ्या घालत वाजवत होता.

जेवताना सेक्रेटरी त्याच्यापाशी आला. कुट्टीसाहेब त्याचं नाव, शारजा औद्योगिक क्षेत्रात गाड्यांचे सीट कव्हर शिवायचा कारखाना होता त्याचा. "विच साउथ इज धिस?" त्याने विचारलं. उभ्याने पायसम पिणारा लीडर म्हणाला, "सर, ऑल साउथ सेम. हॉट, अँड बोट्स." कुट्टीसाहेब इतके हसले की त्यांनी दुसरी वाटी स्वतःच्या हाताने वाढली.

आणि मग सगळंच खाली आलं. त्या हिवाळ्यात मराठीत जे जे बसतं ते सगळं बसलं. बाजार बसला, कंपन्या बसल्या, आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांनी चंबूगबाळं आवरलं. कोणी एअरपोर्टवर गाड्या सोडून गेले. सावंतची नोकरी गेली, कारण न बांधलेले फ्लॅट आता बांधलेच जाणार नव्हते. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात रोज कोणाचं तरी टेबल रिकामं व्हायचं आणि तो घरी येऊन नुसता बातम्या बघायचा. आमच्या मुलीने विचारलं, "आर वुई गोइंग बॅक ऑर नॉट? जस्ट टेल मी." बसत नव्हती ती फक्त आमची नवी गाणी.

लीडरची कंपनी जानेवारीत बंद पडली. व्हिसा कॅन्सल झाला की महिन्याभरात देश सोडायचा. हे सांगायला तो माझ्या ऑफिसखाली आला आणि पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून फेऱ्या मारत बोलत राहिला. मला वाटलं मुलींच्या फीचं, कर्जाचं काहीतरी सांगेल. तो म्हणाला, "बाय, दुसरा राहिला."

माझा पाराच चढला. लोकांचे संसार उठतायत आणि याला अल्बम सुचतोय. मी फाडफाड बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि समोरच्या टॉवरकडे बोट दाखवलं. "त्यात माझे डक्ट आहेत. त्याच्या मागच्यात पण. इतकी वर्षं मी जे केलं ते सगळं सीलिंगच्या वर आहे. खालून जिप्सम लावलं की खलास, कोणाला दिसत नाही. मी गेलो की इथे माझं काय राहणार? एक गोष्ट उघड्यावर पाहिजे, बाय. पहिला अल्बम दुसऱ्यांची नक्कल होता. हा माझा आहे." मी बोटांवर शुक्रवार मोजायला लागले. त्याच्या हातात जेमतेम चार शुक्रवार होते.

स्टुडिओ परवडण्यातला नव्हता. लीडरने कुट्टीसाहेबांना फोन केला. त्यांच्याकडेही गाड्या येणं थांबलं होतं, कारागीर अर्धे घरी पाठवले होते. "फ्रायडे मॉर्निंग, फ्री," ते म्हणाले. "प्रेयरच्या आधी बंद." आम्ही आत गेलो आणि लीडरने नुसती टाळी वाजवून पाहिली. चारी भिंतींशी फोम आणि रेक्झिनचे रोल छतापर्यंत रचलेले. टाळी वाजली आणि तिथेच मेली, जराही घुमली नाही. अशी न घुमणारी खोली मिळवायला स्टुडिओवाले लाखो घालवतात म्हणे. लीडरने मला आणि सावंतला एकदमच मिठी मारली.

पण काम पुढे सरकेना. प्रत्येक टेक झाला की लीडर म्हणायचा, "बसलं नाही. पुन्हा." आमचे प्राण कंठाशी आले. कुट्टीसाहेब दारात उभे राहून काळजीने बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, काय अडचण आहे? लीडर हिंदीत म्हणाला, "सर, अभी तक बैठा नहीं है." कुट्टीसाहेबांनी मान हलवली आणि निघून गेले. थोड्या वेळाने दोन कारागीर एका लँडक्रुझरची पुढची सीट उचलून घेऊन आले, नवीन बेज कव्हर घातलेली, आणि लीडरच्या पाठीमागे ठेवली. "बैठो," कुट्टीसाहेब म्हणाले. "इतना टाइम से खडा है. बैठो, फिर अच्छा बजेगा."

सावंत ड्रमवर डोकं ठेवून हसायला लागला. मला समजावून सांगायचं होतं की गाणं बसत नाही, माणूस नव्हे, पण कुट्टीसाहेबांचा चेहरा इतका मनापासूनचा होता की माझी जीभ वळली नाही. लीडरने त्या सीटकडे पाहिलं, कुट्टीसाहेबांकडे पाहिलं, आणि तो खरंच टेकला. टोकावर, पळायच्या तयारीत, पण टेकला. ते गाणं त्या टेकला बसलं. पुढची चार-पाचही बसली, आणि दर वेळी तो त्या सीटच्या टोकावर असायचा आणि कुट्टीसाहेब आपण गाणं दुरुस्त केल्यासारखे समाधानाने चहा पाठवायचे.

शेवटच्या शुक्रवारी रुडी नव्हता. त्याला एका क्रूझ जहाजावर नोकरी मिळाली होती आणि ते जहाज कोणाच्या अल्बमसाठी थांबणार नव्हतं. राहिलेलं गाणं लीडरने वसईकडच्या आपल्या बोलीत लिहिलं होतं. तसं बघितलं तर बांद्र्याच्या रुडीला ते उच्चारताच येत नव्हतं. मी म्हटलं, तूच गा. तो म्हणाला, "माझा आवाज साइटचा आहे, बाय. शिडी सोड, पाइप धर, यासाठी ठीक."

"मग शिडी सोड म्हणाल्यासारखं गा," मी ओरडले. "बारा वाजायला आलेत, बाहेर माणूस किल्ली घेऊन उभा आहे, आणि तुझं विमान परवा आहे."

तो सीटवरून उठला, आमच्याकडे पाठ केली, रेक्झिनच्या रोलांकडे तोंड केलं आणि गायला. छताच्या आत आडवा पडलेला एक माणूस खालच्या झोपलेल्या लोकांना थंड हवा ढकलतो आणि स्वतः घामाने भिजतो, एवढंच होतं त्यात. आवाज फाटत होता, पण तो फाटेल तिथे फाटू देत होता. दुसऱ्या कडव्याला माझा डावा हात थांबला. भाता मारायला नव्हे. मी नुसती ऐकत राहिले होते. गाणं संपलं तेव्हा मी म्हटलं, माझं चुकलं, पुन्हा घेऊ. "राहू दे," लीडर म्हणाला. त्याच्या तोंडून हे शब्द मी कधी ऐकले नव्हते. बाहेर बांग सुरू झाली आणि कुट्टीसाहेबांनी दिवे बंद केले.

सावंतच्या लॅपटॉपवर लीडरने एका दिवसात सगळं जुळवलं आणि चार सीडी केल्या. एक सावंतला, एक मला, एक कुट्टीसाहेबांना, एक स्वतःला. रुडीला बोटीवर कुठे पाठवणार? अल्बम झाला, पण बाजारात आला नाही. जाहिरात देणारे गायब झाले होते, छापणारे गायब झाले होते. एअरपोर्टवर गिटारला हँड बॅगेज म्हणून सोडेनात तेव्हा त्याने काउंटरवरच्या बाईला ती वाजवून दाखवायची तयारी दाखवली. शेवटी गिटार सामानात गेली. जाताना मला म्हणाला, "दुसरा झाला ना? आता तिसऱ्याचं बघू." हात हलवायलाही थांबला नाही.

वसईहून त्याचे फोन यायचे. केळीची बाग करतोय, चर्चच्या कॉयरला शिकवतोय, साउंड सिस्टीम भाड्याने देतोय, सगळं एकदम. मी विचारायचे, दुसऱ्याचं काय? "असू दे, कोणाला वेळ आहे," म्हणायचा, पण आवाज खाली यायचा. तीनेक वर्षांनी रुडीचा मेसेज आला. एका लग्नात स्पीकर उचलून लावताना लीडर कोसळला, हॉस्पिटलपर्यंत पोचलाच नाही. मी त्या वेळी ऑफिसात होते. मला आधी त्याचा राग आला, भयंकर राग आला, की कशाला उचलायचे स्पीकर, माणसं नव्हती का? मग बाथरूममध्ये जाऊन रडले. त्यानंतर घरी जाऊन सीडी लावायचा धीर मात्र झाला नाही.

मध्ये बरेच दिवस गेले. आम्ही इथेच तगलो, ट्राम सुरू झाली, क्रेन पुन्हा दिसायला लागल्या. एका दुपारी शारजाला जायला मी टॅक्सी केली. ड्रायव्हर पठाण, वयस्क, गाडीच्या सीट नव्याकोऱ्या. पुलावर ट्रॅफिक तुंबला तेव्हा त्याने आवाज वाढवला, आणि तारेवरून नळी घसरली. मला वाटलं आपल्या डोक्यातच वाजतंय. मग आवाज आला. फाटलेला, साइटचा.

"ये कहाँ से मिला आपको?" मी विचारलं.

"सीट कवर लगवाया था, बाजी. वो मलबारी सेठ साथ में देता है, फ्री. सब टॅक्सीवालों को देता है." त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "मुझे तो एक लफ्ज़ समझ में नहीं आता. लेकिन ये आख़िर वाला मैं दो बार लगाता हूँ. आप हिंदुस्तानी हो, आपको आता है?"

मी त्याला सांगितलं. छतातला माणूस, थंड हवा, खाली झोपलेले लोक. मोडक्या हिंदीत, एकेक ओळ करून. गाणं संपेपर्यंत त्याने ऐकलं. मग म्हणाला, "सच बोला है उसने. अब कहाँ होता है ये आदमी?"

मी तोंड उघडलं आणि जे बाहेर पडलं ते इथून निघून गेलेल्या सगळ्यांविषयी आम्ही म्हणतो तेच. "घर गया."

"अच्छा," त्याचा चेहरा उजळला. "नसीबवाला है. हम भी जाएँगे, इन्शाल्ला."

मी मान हलवली. त्याने हात पुढे करून गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.